‘मुद्दाम नाही केले, सर!’

शालेय फुटबॉलच्या मैदानावर पंचाला सर्वाधिक वेळा ऐकावे लागणारे वाक्य हेच. शिट्टी वाजते, एक मुलगा गुडघा धरून खाली बसतो आणि दुसरा दोन्ही हात वर करून सांगू लागतो की, त्याने ते मुद्दाम केलेले नाही. बहुधा तो खरेच बोलत असतो. मैदानाबाहेरचे पालकही त्याच्या बाजूने साक्ष देतात. आणि तरीही फाउल हा फाउलच असतो. स्मरणिकेच्या निमित्ताने हा एवढाच मुद्दा मला नीट मांडावयाचा आहे.

पंचगिरीच्या पहिल्याच वर्षी मी येथे चुकलो होतो. वसतिगृहातील मुलांच्या सामन्यात एका बचावपटूने चेंडूसाठी पाय टाकला; चेंडू निसटला आणि प्रतिस्पर्ध्याचा घोटा सापडला. मी फ्री किक दिली. बचावपटू अतिशय गुणी मुलगा. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्याचे मन मोडवेना. खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी पंचाला आपला निर्णय बदलता येतो. त्या मुभेचा आधार घेऊन मी फ्री किक मागे घेतली आणि दोघांच्या मध्ये चेंडू टाकला. सामन्यानंतर घोट्याला पट्टी बांधून बसलेल्या मुलाने मला शांतपणे विचारले, “सर, मग मी मुद्दाम पडलो का?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

फुटबॉलचे एकूण 17 नियम आहेत. त्यांतील बारावा नियम फाउलचा. ढकलणे, पाय अडकवणे, लाथ मारणे, अंगावर उडी घेणे अशा कृतींबाबत हा नियम खेळाडूच्या हेतूची चौकशी करीत नाही. तो तीन पायऱ्या मोजतो. पहिली निष्काळजीपणाची: पाय टाकताना समोरच्याचे भान राहिले नाही, एवढेच. येथे फ्री किक, कार्ड नाही. दुसरी बेदरकारपणाची: समोरच्याला इजा होईल याची पर्वाच केली नाही. येथे पिवळे कार्ड. तिसरी अवाजवी बळाची: समोरच्याची सुरक्षितताच धोक्यात आणली. येथे लाल कार्ड आणि मैदानाबाहेर. म्हणजे पहिल्या पायरीवर सापडलेल्या मुलाला कोणी दुष्ट म्हणत नाही. त्याचे भान सुटले, इतकेच नियम म्हणतो. पालीत यासाठी नेमका शब्द आहे: पमाद. तथागतांच्या अखेरच्या उपदेशात त्याच्या उलट गुणाचा, अप्पमादाचा उल्लेख आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे.

‘धम्मात तर चेतनेला महत्त्व, मग मैदानावर का नाही?’ असा प्रश्न दहावीच्या वर्गात एकदा निघाला. प्रश्न चांगला होता. विनयातील अनेक नियमांत हेतू पाहिला जातो. अजाणता घडलेल्या कृतीने तेथे दोष लागत नाही. परंतु सगळे नियम तसे नाहीत. अट्ठकथाकारांनी सचित्तक आणि अचित्तक असे दोन भाग केले आहेत. सुरापानाचा नियम अचित्तक आहे: पेयात मद्य आहे हे ठाऊक नसले तरी दोष लागतोच. हा नियम सागत स्थविरांच्या प्रसंगातून आला. बलाढ्य नागाला नमवणारे हे भिक्खू कोसंबीत घरोघरी दिलेले मद्य प्याले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. (ज्याच्यामुळे नियम झाला त्या पहिल्या व्यक्तीला मात्र विनय दोष देत नाही. फुटबॉलचे नियमही प्रसंगाप्रसंगाने वाढले आहेत. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, हा 1992 चा नियम वेळकाढूपणा फार बोकाळल्यावर आला.)

हाताला चेंडू लागण्याचा प्रकार बराचसा सचित्तक म्हणावा लागेल. हात मुद्दाम चेंडूकडे नेला का, हे तेथे पाहतात. म्हणून चेंडू हाताला लागला की प्रत्येक वेळी शिट्टी वाजत नाही. तथापि हात अस्वाभाविक रीतीने पसरून शरीराचा आडोसा वाढवला असेल, तर हेतू नसतानाही फाउल होतो. आणि स्वतःच्या हाताला लागून थेट झालेला गोल तर कधीच धरत नाहीत.

पालकांची दुसरी तक्रार ऑफसाइडची. पुढे उभे राहणे हा मुळात गुन्हा नाही. सहकारी चेंडू खेळतो त्या क्षणी खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, आणि मग त्याने खेळात भाग घेतला, तरच झेंडा वर जातो. बरोबरीत असणे चालते. गोल किक, कॉर्नर किक किंवा थ्रो-इनवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड लागू होतच नाही. बाजूरेषेवरून ओरडणाऱ्यांना तो क्षण दिसलेला नसतो. त्यांना दिसतो तो चेंडू पोहोचल्यानंतरचा खेळाडू, तोवर चार पावले पुढे गेलेला.

फायद्याचा नियम मला सर्वांत कठीण वाटतो. फाउल दिसूनही, ज्याच्यावर तो झाला त्याच्या संघाला खेळ चालू राहण्यात लाभ असेल, तर शिट्टी आवरायची आणि दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवायचा. काही क्षणांत तो लाभ मिळाला नाही, तर मागे येऊन मूळ फाउल द्यायचा. त्या काही क्षणांत दोन्ही बाजूंचे बोल ऐकावे लागतात. पंचाने ते ऐकावेत. उत्तर देऊ नये.

यंदा अंतर्गत सामन्यांत रेषापंचाचे झेंडे नववीच्या मुलामुलींच्या हाती दिले. पहिल्याच सामन्यात थ्रो-इनवरून चेंडू थेट पुढच्या खेळाडूकडे गेला आणि अर्ध्या मैदानाने ‘ऑफसाइड’चा गजर केला. रेषेवरच्या मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि झेंडा खालीच ठेवून ती चेंडूबरोबर धावत राहिली.