यकृत : मुकाट्याने राबणारा अवयव

‘काळीज तुटलं’ असे आपण म्हणतो तेव्हा मनात हृदय असते. पण रविवारी मटणाच्या दुकानातून आणलेली कलेजी म्हणजे बकऱ्याचे यकृत. तो काळपट तांबडा, मऊ, भरीव गोळा आठवा. आपल्या पोटातले यकृतही तसेच दिसते. शरीर जसे आहे तसे पाहा, असे तथागतांनी शिकवले. शरीराच्या बत्तीस भागांच्या पाली यादीत ‘यकनं’ हा शब्द येतो, तो याच अवयवाचा. आज त्याची ओळख करून घेऊ.

यकृत कुठे असते?

उजवा तळहात उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. त्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या लगेच खाली यकृत असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. शरीराच्या आतला हा सर्वात मोठा अवयव. त्याचे दोन मुख्य खंड आहेत, उजवा मोठा आणि डावा लहान. खालच्या बाजूला पित्ताशयाची छोटी पिशवी चिकटलेली असते.

इतर अवयवांना शुद्ध रक्त एका वाटेने येते. यकृताला मात्र रक्त दोन वाटांनी मिळते. एक धमनी प्राणवायूने भरलेले रक्त आणते. दुसरी मोठी शीर जठर आणि आतड्यांकडून येते. यकृतात येणाऱ्या रक्ताचा सुमारे पाऊण हिस्सा या दुसऱ्या वाटेने येतो. म्हणजे आपण जे खातो, पितो, गिळतो, त्यातले बरेचसे शरीरभर पसरण्याआधी यकृताच्या हातून जाते. वस्तीच्या तोंडाशी बसवलेला हा जणू तपासणी नाकाच आहे.

ते काय काय करते?

*साठा :* जेवणानंतर रक्तातली जादा साखर यकृत साठवून ठेवते आणि उपाशीपोटी ती पुन्हा रक्तात सोडते. लोह आणि काही जीवनसत्त्वेही तिथे साठतात.

*पित्तरस :* दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार होतो. तेल-तूप पचवायला तो लागतो.

*प्रथिने :* जखमेतले रक्त गोठवणारी प्रथिने यकृतात बनतात. रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवणारे प्रथिनही तिथेच बनते. ते कमी झाले की पोटात आणि पायांत पाणी साठते.

*सफाई :* शरीरात तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचा यकृत युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. औषधे आणि दारू यांचे विघटनही तिथेच होते.

डोळे पिवळे का होतात?

रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती मोडल्यावर बिलीरुबिन नावाचा पिवळा पदार्थ उरतो. यकृत तो पित्तात मिसळून बाहेर टाकते. यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली की तो रक्तात साचतो. मग डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. यालाच आपण कावीळ म्हणतो. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागचे कारण शोधावे लागते.

आपल्या वस्त्यांत पावसाळ्यात दिसणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंमुळे होते. ते घाण पाण्यातून येतात. जिथे नळाची पाइपलाइन गटाराला लागून जाते आणि पाइप फुटका असतो, तिथे एकाच गल्लीत चार-पाच घरी कावीळ होते. पाणी उकळणे आपल्या हातात आहे, पण पाइप दुरुस्त करणे हे पालिकेचे काम आहे. 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडला पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. स्वच्छ पाणी मागणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. मंडळाने लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. वापरलेली सुई, दुसऱ्याचे ब्लेड, न तपासलेले रक्त ही त्याची कारणे. बी हा लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. म्हणून बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत बी ची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

कावीळ ‘उतरवणे’

हाताला काही लेप लावून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात. पाणी पिवळे होते आणि कावीळ उतरली असे सांगतात. तो पिवळा रंग लेप आणि चुना यांच्या संयोगाचा असतो. निरोगी माणसाचे हात तसेच धुतले तरी पाणी पिवळे होईल. मग लोक बरे कसे होतात? कारण हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय मात्र उतरवणारा घेतो. कारण वेगळे असेल, तर याच नादात मोलाचे दिवस वाया जातात. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर तिच्या जिवावर बेतू शकते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. परंपरा आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे कालाम सुत्तातले शिकवणे इथे जीव वाचवते.

कावीळ झाली म्हणून हळद, तेल पूर्ण बंद करण्याची गरज नाही. पचेल ते घरचे जेवण द्या. गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस मात्र टाळा.

दारू आणि यकृत

दारूने आधी यकृतात चरबी साठते, मग सूज येते, मग निरोगी पेशींच्या जागी कडक व्रण तयार होतात. या शेवटच्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. देशी असो, विदेशी असो की बिअर, आतला अल्कोहोल एकच.

यकृताची मोठी शक्ती म्हणजे ते स्वतःला भरून काढते. चरबीच्या अवस्थेत दारू सोडली तर काही आठवड्यांत ते सुधारू लागते. व्रण पसरल्यावर मात्र मागे फिरणे अवघड असते. अडचण ही की पहिल्या अवस्थांत काहीच दुखत नाही. ‘मला काही होत नाही’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचे यकृतच गप्प असते.

पाचवे शील आपण वंदनेत रोज म्हणतो. बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून पिणाऱ्याला हिणवू नका, त्याला दवाखान्यात घेऊन जा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास हातपाय थरथरणे, भास, झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

लक्षात ठेवा

- डोळे पिवळे किंवा लघवी गडद : दोन दिवसांत डॉक्टरकडे.
- रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणे, बरळणे : लगेच मोठ्या रुग्णालयात.
- पॅरासिटामॉलच्या गोळ्या सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नका.
- पोटाचा घेर आणि साखर वाढली असेल तर दारू न पिणाऱ्याचेही यकृत चरबीने भरते. चाला, गोड कमी करा.
- हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी व औषधे राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. चौकशी करा.

हा पाठ येत्या रविवारी विहारात मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याच घरी त्याची जास्त गरज असू शकते.

जय भीम!