पाचट पेटवू नका!



ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात तोडीआधी उसाचा फड पेटविण्याची रीत होती. २००२ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने २०३१ पर्यंत बंद व्हायची होती. पण साखर, इथेनॉल जगाच्या बाजारात विकायचे तर धूर परवडत नाही. म्हणून २००७ मध्ये तिथल्या कारखान्यांनी सरकारशी करार करून आपणहून मुदत २०१७ वर आणली.

आपल्याकडे तोडीनंतर पाचट पेटते. हेक्टरी ८ ते १० टन पाचटाची राख! फडात फिरताना आमचा जीव तुटतो. यंदा खोडव्यात पाचट सरीत दाबा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्या.

जमीन टिकली तर ऊस, अन् ऊस टिकला तरच आपला कारखाना.