ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग : तपासणी व बदल

ऊस गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला उसंत नसते. टायरकडे आपले लक्ष असते. परंतु सारा भार पेलणारे बेअरिंग हबच्या टोपीआड असल्याने त्याची आठवण ते निकामी झाल्यावरच होते. भरल्या ट्रॉलीचे बेअरिंग रस्त्यात फुटले तर आसाचे टोक खराब होते, चाक निसटून ट्रॉली उलटू शकते आणि प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच शेतकरी बंधूंनी पुढीलप्रमाणे तपासणी करावी.

दोष कसा ओळखावा?

१) आठ-दहा किलोमीटर चालल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची मागील बाजू न्यावी. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तेथे दोष आहे.

२) चाकाच्या आतील बाजूस ग्रीस ओघळलेले दिसल्यास ऑईल सील खराब झाले आहे असे समजावे.

३) रिकामी ट्रॉली सपाट, टणक जागेवर ट्रॅक्टरला जोडूनच ठेवावी. ट्रॅक्टरचा ब्रेक लावावा व इतर चाकांना दगड लावावेत. आसाखाली जॅक लावून चाक उचलावे आणि लगेच मजबूत लाकडी ठोकळा द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये.

४) प्रथम चाकाचे नट घट्ट आहेत याची खात्री करावी. नंतर चाक वर व खाली धरून हलवावे आणि हाताने फिरवून पाहावे.

चाकात प्ले आढळला म्हणजे बेअरिंग गेलेच असे नाही. चाक आवाज न करता फिरत असेल तर बहुधा आतील नट सैल झालेला असतो. फिरताना घरघर होत असेल किंवा चाक अडखळत असेल, तर बेअरिंग उघडून पाहणे आवश्यक आहे.

बेअरिंग बदलणे

टोपी, स्प्लिट पिन, नट व वॉशर काढून हब बाहेर घ्यावा. बेअरिंग डिझेलने धुऊन पुसावे. रोलरवर किंवा बाहेरील कपात खड्डे, पोपडे अथवा तापल्याचा निळसर रंग दिसल्यास ते बदलावे. कप व रोलरचा भाग नेहमी जोडीनेच बदलावा. जुन्या कपात नवे रोलर टिकत नाहीत.

खरेदी करताना बेअरिंगवर कोरलेला पूर्ण क्रमांक पाहावा. उदाहरणार्थ, ३०२१० मधील शेवटच्या १० ला ५ ने गुणले की आतील व्यास ५० मि.मी. मिळतो. ३२२१० चा आतील व बाहेरील व्यास तोच असतो, परंतु ते ३ मि.मी. जास्त रुंद असते. म्हणून केवळ माप जुळले म्हणून घेऊ नये.

जुना कप आतून पंच लावून, आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून काढावा. नवा कप पितळी तुकड्याने सरळ व पूर्ण तळापर्यंत बसवावा. रोलरवर हातोडा मारू नये. तळहातावर बेअरिंगचे चांगले ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटींत दाबून भरावे. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये. दोन प्रकारची ग्रीस मिसळू नयेत. ऑईल सील दरवेळी नवे घालावे.

नट आवळणे

सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. सैल नटाइतकाच अति घट्ट नटही घातक असतो. त्यामुळे बेअरिंग तापते व जळते. चाक फिरवीत नट आवळावा. चाक जड वाटू लागले की नट साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि प्ले जेमतेम जाणवेल इतकाच राहिला पाहिजे. मग नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन किंवा तार वापरू नये.

पहिल्या खेपेनंतर हब किती तापतो ते पाहावे व चाकाचे नट पुन्हा आवळावेत. वर्षातून एकदा ग्रीस बदलावे. ट्रॉली ओढ्याच्या पाण्यातून गेली असल्यास हब लवकरच उघडून पाहावा. एका दुपारचे हे काम केल्यास भर हंगामातील खोळंबा आणि रस्त्यावरील अपघात दोन्ही टाळता येतील.