हवेशीर सीट : आधी तपासा, मग सौदा करा

जुन्या मोटारींचे व्यापारी आणि सीट-कव्हर शिवणारे बंधू यांच्याकडे आता हवेशीर सीटच्या गाड्या येतात. ह्युंदाईने 2017 च्या व्हर्नामध्ये ही सोय दिली होती. बटणाचा दिवा लागला म्हणजे सीट चालू, असे समजू नये. दिवा लागतो आणि आतला पंखा बंद असतो, असेही होते.

बहुतेक सीट स्वतः हवा थंड करीत नाहीत, गाडीतलीच हवा खेळवितात. म्हणून इंजिन व एसी सुरू करून सीटचा पंखा सर्वात जोरात ठेवावा आणि चार-पाच मिनिटे थांबावे. मग टिश्यू पेपरचा तुकडा छिद्रांवर धरावा. काही सीट हवा बाहेर फेकतात, तिथे कागद फडफडतो. काही आत ओढतात, तिथे तो चिकटतो. तो बिघाड नव्हे. बैठक व पाठ वेगवेगळी पाहावी, शेजारच्या सीटशी ताडून घ्यावी.

कारागिरांनी ही तपासणी कव्हर चढविण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोरच करावी. जाड, बिनछिद्री रेक्झिनने हवा कोंडते आणि ठपका शिवणाऱ्यावर येतो. पंखा बंद आढळल्यास प्रथम फ्यूज पाहावा. सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असते. त्याला हात न लावता गाडी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवावी.