नव्या ट्रकचा पूर्वदोष : अमेरिकेत खरेदीपूर्वी करावयाचा विचार

अमेरिकेतील बोलण्यात ‘ट्रक’ म्हणजे बहुधा पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी होय, आणि टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे घराची डागडुजी, बागकाम, सामानाची ने-आण किंवा ट्रेलर ओढणे यांसाठी ती घेतात. नवागतापुढे कधीकधी असा सौदा येतो की गाडी डीलरकडे नवी म्हणूनच उभी असते आणि किंमतही उतरवलेली असते, मात्र विक्री होण्याआधीच ती एकदोनदा दुरुस्तीला जाऊन आलेली असते. अशी गाडी घ्यावी की नाही, हे ठरवताना अनुभवी कुटुंबे किमतीतील सवलतीच्या आधी एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे दोषाचे नेमके कारण सापडले होते काय आणि ते कागदावर नोंदले गेले काय.

प्रथम ‘नवी’ या वर्णनाचा कायदेशीर अर्थ समजून घ्यावा लागतो. कारखान्यातून निघताना प्रत्येक गाडीसोबत निर्मात्याचे मूळ प्रमाणपत्र येते आणि पहिल्या ग्राहकाला विक्री झाल्यावर त्याच्या आधारे राज्य सरकार ‘टायटल’, म्हणजे मालकीचा दाखला, देते. त्यामुळे टायटल निघण्यापूर्वीच ज्याचे कर्ज नामंजूर झाले अशा ग्राहकाने काही दिवस चालवून परत केलेली गाडी, किंवा डीलरने ग्राहकांना फिरवून दाखवण्यासाठी वापरलेली ‘डेमो’ गाडी, हीदेखील नवी म्हणून विकली जाऊ शकते. नवी गाडी म्हणजे हात न लागलेली गाडी असेही गृहीत धरता येत नाही, कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिलेल्या बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर या गाजलेल्या खटल्याचा उगमच विक्रीपूर्वी पुन्हा रंगवलेल्या आणि ग्राहकाला तसे न सांगितलेल्या नव्या गाडीत होता. म्हणून मीटरवरील मैल, गाडी डीलरकडे आल्याची तारीख आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात. यांतील शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची आहे, कारण डेमो म्हणून वापर सुरू झाला त्या दिवसापासूनच निर्मात्याची हमी मोजली जाते. बहुतेक पिकअपवर संपूर्ण गाडीसाठी ३ वर्षे किंवा ३६,००० मैल आणि इंजिन-गिअरबॉक्ससाठी ५ वर्षे किंवा ६०,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तेवढी हमी प्रचलित असल्याने, वर्षभर वापरलेल्या डेमो गाडीच्या ३ वर्षांच्या हमीचा एक तृतीयांश काळ ती ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच संपलेला असतो.

यानंतरचा आणि सर्वाधिक वजनाचा कागद म्हणजे ‘रिपेअर ऑर्डर’, अर्थात गॅरेजने प्रत्येक दुरुस्तीसाठी तयार केलेले कामाचे पत्रक, ज्यात तक्रार काय होती, कारण काय निघाले आणि काम काय केले अशा तीन नोंदी अपेक्षित असतात. पाण्याचा पंप गळत होता, तो बदलला आणि गळती थांबली, अशी सलग नोंद असेल तर त्या दोषाला घाबरण्याचे कारण नाही. महिनोन्‌महिने आवारात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरणे हेही तितकेच किरकोळ आहे. याउलट ‘तक्रार आढळली नाही’ किंवा ‘सॉफ्टवेअर अद्ययावत केले’ एवढ्याच नोंदी पुन्हापुन्हा दिसत असतील, तर कारण सापडलेले नाही असेच समजावे. मधूनच बंद पडणारी विद्युत यंत्रणा, पावसानंतर केबिनमध्ये येणारे पाणी आणि गिअर बदलताना बसणारे हिसके हे दोष या बाबतीत विशेष चिवट असतात, कारण ते गॅरेजमध्ये हटकून दिसत नाहीत आणि रस्त्यावर मात्र दिसतात.

इंजिनाचा दोष असेल, तर तो त्या एका गाडीपुरता आहे की त्या संपूर्ण उत्पादनमालिकेचा, हे शोधणे आवश्यक ठरते. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२ आणि २०२३ सालच्या टंड्रा पिकअपसह सुमारे १,०२,००० गाड्या परत बोलावल्या, कारण कारखान्यात यंत्रकामाच्या वेळी निघालेला कीस इंजिनात राहून गेला होता. तर एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनांच्या कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमधील दोषांमुळे अमेरिकेतील सुमारे ६ लाख पिकअप व एसयूव्ही परत बोलावून, तपासणीत नापास झालेल्यांचे इंजिन दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आणि उत्तीर्ण झालेल्यांत अधिक दाट तेल घालण्याची उपाययोजना जाहीर केली. अशा गाडीबाबत जाणकारांमध्ये मतभेद आहेत. इंजिन एकदा बदलले गेले म्हणजे प्रश्न मिटला, असे काहींना वाटते. तथापि इंजिन बदलताना शेकडो जोडण्या सुटतात आणि पुन्हा बसवल्या जातात, व ते काम कारखान्याच्या साखळीवर न होता एका गॅरेजमध्ये होते, म्हणून बदललेल्या इंजिनाची स्वतंत्र हमी आणि बदलानंतर निदान काही शे मैलांचा निर्दोष प्रवास यांविना सौदा करू नये, हेच मत अधिक सयुक्तिक ठरते.

‘रिकॉल’ म्हणजे सुरक्षेशी निगडित दोषामुळे निर्मात्याने विनामूल्य दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे; गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकल्यास प्रलंबित रिकॉल दिसतो. संघराज्याच्या कायद्यानुसार डीलरला प्रलंबित रिकॉल असलेली नवी गाडी दुरुस्तीविना ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. वापरलेल्या गाडीच्या विक्रीला मात्र असा सर्वसाधारण प्रतिबंध नाही.

कागदांखेरीज प्रत्यक्ष तपासणीची एक सोपी रीत आहे. १९९६ पासूनच्या सर्व साध्या पिकअपमध्ये डॅशबोर्डखाली ‘ओबीडी-२’ नावाची जोडणी असते, आणि तिला अल्प किमतीचे वाचकयंत्र लावले की संगणकाने नोंदलेले दोषसंकेत दिसतात. संकेत नुकतेच पुसले असल्यास गाडीच्या अंतर्गत स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात, कारण त्या पूर्ण होण्यासाठी गाडी काही अंतर निरनिराळ्या वेगांनी चालावी लागते. बॅटरी काढल्यासही असेच घडत असल्याने एवढ्यावरून डीलरच्या हेतूविषयी शंका घेणे योग्य नाही, परंतु त्या दिवशी व्यवहार पूर्ण न करण्यास हे कारण पुरेसे आहे. शिवाय शे-दोनशे डॉलर खर्चून स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून घ्यावी. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या काकांचा सल्ला मोलाचा असतो, पण गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणाऱ्याची जागा तो घेऊ शकत नाही. डीलर अशा तपासणीस नकार देत असेल, तर तेथेच थांबावे.

दोष पुन्हा उद्भवल्यास राज्यांचे ‘लेमन लॉ’ म्हणून ओळखले जाणारे कायदे उपयोगी पडतात, ज्यांनुसार वाजवी प्रयत्नांनंतरही दुरुस्त न होणारी गाडी निर्मात्याने बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत, जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन, अन्य दोषासाठी चार दुरुस्तीप्रयत्न झाले, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीत राहिली, तर वाजवी प्रयत्न झाले असे गृहीत धरले जाते. डीलरची डेमो गाडी तेथे या संरक्षणात येते. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५५,००० मैलांहून अधिक चाललेल्या एका वापरलेल्या डॉज ट्रकच्या प्रकरणात असे ठरवले की, पहिल्या मालकाच्या हमीचा केवळ उरलेला भाग गाडीसोबत आल्याने ती या तरतुदीपुरती नवी ठरत नाही. निर्मात्याने अशा कायद्याखाली परत घेतलेली गाडी पुन्हा विकताना तेथे टायटलवर तशी नोंद आणि डाव्या दाराच्या चौकटीवर पट्टी असावी लागते, तसेच त्या विशिष्ट दोषासाठी एक वर्षाची लेखी हमी द्यावी लागते. टेक्सासमध्ये तक्रार राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे करावयाची असते आणि मुदतीही वेगळ्या आहेत, त्यामुळे एका राज्यातील आप्तांचा अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लागू पडत नाही.

नवागताची परिस्थिती या सर्व विचारात अधिक नाजूक असते. पत-इतिहास नसल्याने कर्जाचा व्याजदर चढा असतो, घरात दुसरी गाडी नसते, आणि नोकरी गेल्यास व्हिसाच्या अटींमुळे थोड्या दिवसांत देश सोडण्याची वेळ येऊ शकते; अशा वेळी गाडीची बाजारकिंमत कर्जाच्या शिल्लक रकमेपेक्षा कमी असेल, तर फरक खिशातून भरावा लागतो. घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करता येते, हा समज सर्वत्र पसरलेला असला तरी डीलरच्या आवारात केलेल्या खरेदीला संघराज्याचा तो नियम लागू नाही. म्हणून ज्या कुटुंबाचे रोजचे कामावर जाणे एकाच गाडीवर अवलंबून आहे, त्याने कारण न सापडलेल्या दोषाची गाडी कितीही सवलतीत घेऊ नये. घरात दुसरी गाडी असलेल्यांनी कारण नोंदलेल्या दोषाच्या गाडीचा विचार अवश्य करावा, आणि डीलरने तोंडी कबूल केलेले प्रत्येक काम ‘वुई ओ’ नावाच्या देणे-चिठ्ठीवर सहीसह लिहून घेतल्यावरच करारावर सही करावी. गाडी घेतल्यानंतर प्रत्येक रिपेअर ऑर्डरवर गाडी सोपवल्याची आणि परत मिळाल्याची तारीख व मैल तपासून प्रत जपून ठेवावी, कारण वर सांगितलेले ३० दिवस याच तारखांवरून मोजले जातात.