पेट्रोलमधले पाणी आणि सायलेन्सरचा गंज

पावसाळा संपत आला की महाड किंवा पोलादपूरच्या एखाद्या गॅरेजमध्ये डोकावून पाहा. कोपऱ्यात मोटारसायकलींचे जुने सायलेन्सर टाकून दिलेले दिसतील. त्यांतला एखादा हातात घेऊन न्याहाळा. वरून तो पुष्कळसा चकचकीत असतो. पण मागच्या टोकाजवळ, खालच्या अंगाला, भोक पडलेले असते आणि भोकाच्या कडा आतून खाल्लेल्या असतात. पाऊस तर बाहेरून पडतो. मग हा गंज आतून कसा चढला?

पाणी येते कोठून?

पेट्रोल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या अनेक संयुगांचे मिश्रण आहे. हिशेबासाठी त्यांतले ऑक्टेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. पूर्ण ज्वलन झाले, तर एका रेणूपासून कार्बन डाय-ऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे ९ रेणू तयार होतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी! एक लिटर ऑक्टेनचे वजन सुमारे ७०० ग्रॅम भरते. त्रैराशिक मांडून पाहा. उत्तर जवळजवळ १ लिटर येईल. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, पण त्याने हा हिशेब फारसा बदलत नाही. तात्पर्य, गाडीत एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी सायलेन्सरमधून बाहेर जाते.

हे पाणी वाफेच्या रूपात असते. धुरातील वाफेचे प्रमाण पाहता, नळीचा पत्रा सुमारे ५० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असला की वाफेचे दव होते. इंजिनाजवळचे वाकण लवकर तापते. मागचे टोक मात्र बराच वेळ थंड राहते आणि पाणी तेथे, सर्वांत खालच्या जागी, साठते.

आता दोन गाड्यांची तुलना करा. एक गाडी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाते. तिचा सायलेन्सर शेवटपर्यंत तापतो आणि आतून कोरडा होतो. दुसरी रोज घरापासून बाजारापर्यंत जाऊन येते. तिच्या सायलेन्सरमध्ये दर खेपेला नवे पाणी जमते, जुने वाळत नाही. कमी चालणारी गाडी लवकर गंजते ती अशी!

गंज आणि मुलामा

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. सायलेन्सरमधल्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते. त्यामुळे क्रिया वेगाने होते. गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो, पोपडे होऊन गळतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते.

बाहेरच्या बाजूस निकेलवर क्रोमियमचा मुलामा असतो. क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याला चरा पडून लोखंड उघडे झाले, की लोखंड आणि निकेल यांचा ओल्या जागी एक छोटा विद्युत्-घट तयार होतो व त्यात लोखंड झिजते. घरावरच्या जस्ताच्या पत्र्याचे उलट असते. तेथे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते.

उपाय

१. काम गाडी पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागी करा. भोक पडले असेल तर गॅरेजमध्ये दाखवा. गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. बंद खोलीत इंजिन कधीही चालू करू नका.

२. क्रोमवरचे डाग ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत.

३. काळ्या रंगाच्या नळीवरचे पोपडे तारेच्या ब्रशाने काढा, मग वॉटर पेपरने घासा. उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल असलेले गंजनाशक मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालून लावा. त्याने गंजाचे लोह फॉस्फेट बनते. संडास धुण्याचे आम्ल वापरू नका. त्यातील क्लोराइड मागे राहून गंज वाढवते.

४. नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून उष्णतारोधक रंगाचे पातळ हात द्या. साधा ऑइलपेंट तापल्यावर जळून जातो. रंग वाळल्यावर इंजिन थोडा थोडा वेळ चालवून नळी हळूहळू तापवा.

५. सायलेन्सरच्या तळाशी बारीक छिद्र असल्यास ते बुजवू नका. ते पाणी निचरण्यासाठीच असते. नव्या गाड्यांच्या नळीत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक असतो, म्हणून आत आम्ल किंवा तेल ओतू नका.

६. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालू द्या. जुलै २०२१ मध्ये महाडात शिरला तसा पूर येऊन गाडी बुडालीच, तर किक मारू नका. आधी मेकॅनिककडून इंजिन व सायलेन्सरमधले पाणी काढून घ्या.

प्रयोग करून पाहा

शिक्षकांसमोर स्पिरिटचा दिवा पेटवा. थंड, कोरडा स्टीलचा पेला चिमट्यात धरून क्षणभर ज्योतीवर न्या. पेल्यावर धुके धरेल. हेच ज्वलनातून आलेले पाणी. पेला तसाच ज्योतीवर ठेवला तर धुके नाहीसे होते. का, ते सांगा.

दुसरा प्रयोग. तीन स्वच्छ खिळे घ्या. एकाला तांब्याची तार, दुसऱ्याला जुन्या सेलच्या जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा, तिसरा तसाच ठेवा. तिन्ही मिठाच्या पाण्यात वेगवेगळे ठेवून आठवडाभर निरीक्षणे लिहा. क्रोमच्या नळीची गत यांतल्या कोणत्या खिळ्यासारखी होते?