समुद्राची तब्येत वाचताना

शेलूबाजारहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. त्यामुळे गावी आलो की एखादा वडीलधारा विचारतोच, "बाप्पा, आपल्या गावाले समुद्राचं काय करा लागते?" प्राणिशास्त्र शिकलो, किनारा-पाहणीच्या कामात शिरलो आणि उमेदीची वर्षं कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर गेली. समुद्रातला प्रत्येक जीव मोजणं कुणालाच शक्य नाही. म्हणून मोजके जीव आणि मोजकी मापं निवडायची आणि त्यांवरून सगळ्या पसाऱ्याचा अंदाज बांधायचा. त्यांना निर्देशक म्हणतात. हे निर्देशक खरं सांगतात, पण त्यांना काय विचारायचं ते आपल्याला कळत असेल तरच. या कामातून मला उमगलेलं काही इथे मांडतो.

१. डोकी मोजून भागत नाही, जाती मोजाव्या लागतात

आमचं बरंचसं काम चिखलाचं. होडीतून लोखंडी जबडा तळाशी सोडायचा, तो मिटला की वर ओढायचा. आलेला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून समुद्राच्याच पाण्याने धुवायचा. चाळणीत उरलेले जीव फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे आणि त्यावर गुलाबी रंग टाकायचा, म्हणजे वाळूच्या कणांतून ते वेगळे दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडेपर्यंत वेचणी. किडे, इवले शिंपले, कोळंबीचे लांबचे भाऊबंद.

पाणी भरती-ओहोटीबरोबर पालटतं. सकाळी गढूळ दिसलेलं संध्याकाळी नितळ असतं. चिखलातला किडा मात्र कुठे जात नाही. त्याच्या डोक्यावरून महिनोन्‌महिने जे वाहिलं, ते सगळं त्याने सोसलेलं असतं. म्हणून पाण्याच्या एका बाटलीपेक्षा माझा विश्वास मूठभर चिखलावर जास्त आहे.

चांगल्या तळावर अनेक जाती सापडतात, प्रत्येकीचे थोडे थोडे जीव. सांडपाणी सुटतं तिथे उलटं चित्र. गांडुळाच्या गोतावळ्यातला कॅपिटेला नावाचा एक तांबूस, दोऱ्यासारखा किडा आहे. प्राणवायू कमी असलेल्या, सडक्या गाळात त्याचं फावतं. बाकीचे जीव मरतात किंवा तिथे टिकत नाहीत आणि हा हजारोंनी वाढतो. एकूण आकडा पाहिला तर हा तळ चांगल्या तळापेक्षा भरलेला वाटेल. जातींचे रकाने पाहिले की खरं काय ते समजतं: जीव भरपूर, जाती दोन-तीन. समुद्राच्या आरोग्यावरचा कोणताही अहवाल हातात आला की मी आधी हा रकाना शोधतो.

२. काही जीव नेमकं एकच दुखणं सांगतात

जहाजांच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग घातलेला रंग लावत. पाण्यात त्याचा अंश इतका कमी असे की साध्या तपासणीत हाती लागत नसे. पण शंखातल्या काही गोगलगाईंना तेवढाही पुरे. त्यांच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटू लागतं आणि दुखणं वाढलं की अंडी घालणंच थांबतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हे सत्तरच्या दशकात दिसलं. आपल्याकडे गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये अशा माद्यांची नोंद केली. त्यांच्या नोंदीत त्या गोगलगाईचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस असं आहे. आपल्या कोकणाचं नाव मिरवणारा हा जीव बंदरातलं विष दाखवून देत होता. हा रंग जगभर बंद करणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये लागू झाला, आणि त्यामागे अशा गोगलगाईंची साक्ष मोठी होती.

निर्देशक निवडण्याआधी आपला प्रश्न ठरवायचा, ही शिस्त मला या गोगलगाईने लावली. सांडपाण्याबद्दल विचारायचं असेल तर किड्याला विचारा, जहाजाच्या रंगाबद्दल हिला.

३. देखणी गर्दी म्हणजे सुदृढ खाडी नव्हे

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण "एवढे पक्षी आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली" हे वाक्य ऐकलं की मी थांबवतो. लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. ते शेवाळ नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसतं आणि महानगराच्या सांडपाण्यात या दोन्हींची कमी नसते. थव्यांबरोबर खाडीतले मासे, चिवण्या, शिंपले आणि विरघळलेला प्राणवायूही पाहा. मगच बोला.

४. टोपलीचं वजन विचारू नका, कष्ट आणि आकार विचारा

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून देशाच्या मासेमारीवर लक्ष ठेवून आहे. तिचे कर्मचारी बंदराबंदरांत उतरलेल्या माशांची नमुना-मोजणी करतात. हे आकडे मोलाचे आहेत, पण नुसता टनांचा आकडा दगा देतो. एका दिवसात परतणारी होडी आता आठवडाभर बाहेर राहते, इंजिनं मोठी झाली, मासे शोधणारी यंत्रं आली. एवढं करूनही माल तेवढाच मिळत असेल, तर समुद्रात मासा कमी झाला आहे. म्हणून मासळी नेहमी कष्टाने भागायची: एका होडीला, एका दिवसाला किती?

दुसरं माप आकाराचं. एका बंदरावरचे जुने नाखवा मला म्हणाले होते, "पापलेट येतो, पण ताटाएवढा होता तो तळहाताएवढा झाला." त्यांच्या नातवाला मात्र तळहाताएवढा पापलेट हाच पापलेट वाटतो. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा धरते, असं मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडलं. हे वाचलं आणि म्हाताऱ्या कोळ्यांच्या आठवणी मी तारखा-मापांसह टिपून घ्यायला लागलो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. मान दिला ते उत्तम. पण बंदरावर मोजपट्टी घेऊन उभं राहणारं माणूस नसेल तर ही मर्यादा कागदावरच राहील.

५. आजचं घरटं जुन्या समुद्राबद्दल बोलतं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. मग गावागावांत कासवमित्र उभे राहिले आणि घरट्यांच्या नोंदी वाढल्या. यात कासवं वाढली किती आणि पाहणारे डोळे वाढले किती, हे वेगळं काढावं लागतं. म्हणून घरट्यांच्या आकड्याशेजारी किती किनाऱ्यावर किती रात्री गस्त झाली, तेही लिहायला हवं. शिवाय कासवीण अंडी घालण्याजोगी व्हायला दहाहून अधिक वर्षं लागतात. आज वाळूत दिसणारी मादी एका जुन्या पिढीची आहे. आज जाळ्यात गुदमरून मेलेली पिल्लं घरट्यांच्या आकड्यात आज दिसणारच नाहीत.

६. आकडा किती झाला की काय करायचं, हे आधी ठरवा

ही गोष्ट मला कोणत्याही संस्थेच्या आधी आमच्या शिवाराने शिकवली. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की उपाय सुरू करायचा, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. समुद्रावरच्या कितीतरी अहवालांत मोजणी नेटकी असते, पण ही रेषाच नसते. प्रवाळांच्या बाबतीत ती बरीच नीट आखली आहे: पाण्याची जादा उष्णता आणि ती टिकलेले आठवडे यांचा हिशेब चारवर गेला की प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका, आठवर गेला की मोठ्या प्रमाणात मरण्याचा. चिखलातल्या किड्यांसाठी, पापलेटच्या आकारासाठी अशाच रेषा आखून त्यापुढची कारवाई बांधून द्यायला हवी. नाहीतर आम्ही मोजत राहू आणि समुद्र खालावत राहील.

७. शेलूबाजारलाही समुद्र आहे

आमच्या भागातली अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीत मुरणाऱ्या पाण्यात आमच्या शिवारातलं पाणीही असतं. पावसाने वाहून गेलेला युरिया, फवारणीचा उरलेला अंश, नाल्यात फेकलेलं प्लॅस्टिक, सगळं त्याच वाटेने जातं.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझं उत्तर असं: समुद्राची तपासणी आपल्याला आपल्या नदीवरच सुरू करता येते. मरळ मिळते का? झिंगे आहेत का? दगड उलटला तर खाली किती तऱ्हेचे किडे दिसतात? की सगळीकडे तिलापियाच? शेलूबाजारच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, मुलांना अडाणवर न्या. जागा तीच ठेवा, चाळणी तीच, वेळ तेवढाच. जे सापडेल ते जातीनुसार वहीत लिहा आणि वही शाळेत जपून ठेवा. जुन्या भोई मंडळींनाही बोलवा, त्यांना आठवणारे मासे त्यांच्याच नावांनी लिहून घ्या. ही माणसं आहेत तोवरच हे काम होईल, तेव्हा या दिवाळीनंतरच सुरुवात करा.